फरशी बसली

अक्का, येडशीच्या स्टेशनावर तू नव्हतीस. दुष्काळी कामावर दोघींनीही खाडा केला तर चालणार नव्हतं, म्हणून तू खडी फोडायला थांबलीस आणि माय मला सोडायला आली. तिच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. फडक्यात रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी बांधलेल्या होत्या, त्या तिने माझ्या मांडीवर ठेवल्या. कुर्डुवाडीला जाणारी ती छोटी गाडी हलली तशी माय डब्यासोबत चार पावलं चालली आणि म्हणाली, "जा बाबा. पर तुझी फरशी बसू दिऊ नको." समोरच्या बाकावरचा माणूस हसला. त्याला वाटलं, म्हातारी काहीतरी बरळतेय. मला मात्र तिचं बोलणं नीट कळलं होतं. त्या दिवशी कळलं होतं, हेच तर माझं दुखणं आहे.

माझ्यासारखेच गाव सोडून गेलेले कुणी हे वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. मी आठ-नऊ वर्षांचा असताना गावातल्या एका मोठ्या घरी शहाबादी फरशी घालायचं निघालं. खाली मुरूम टाकून तो चोपायचं काम मायबाबांना मिळालं. आठ दिवस दोघं धुमस उचलून आपटत होती. आधी ओसरी, मग माजघर, मग थेट चुलीपर्यंत. जमीन उघडी होती तोवर बौद्धवाड्यातली माणसं आत आली म्हणून कुणाला काही बाधलं नाही. मीसुद्धा त्या माजघरात पळालो, मुरमात लोळलो. मालकीणबाईंनी मला गूळ दिला होता, तोही आठवतो. मग गवंडी आला आणि त्याने फरशी बसवली. पुढच्या आठवड्यात आपला विसरलेला धुमस आणायला माय गेली, सवयीने पायरी चढली, आणि आतून त्याच मालकीणबाई म्हणाल्या, "थांब तिथंच. आता फरशी बसलीय."

माय घरी आली ती हसत आली. तिचं हसणं मला कधी आवडलं नाही, रडली असती तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून आपल्या घरात तो शब्दच होऊन बसला. वस्तीतला कुणी शिकून कचेरीत लागला आणि रस्त्यात तोंड फिरवून गेला, की माय म्हणायची, "बसली त्याची फरशी." मामाने ओळख दाखवायचं सोडलं तेव्हाही तेच. गरज होती तोवर आत, गरज सरली की बाहेर, एवढं सगळं ती दोन शब्दांत सांगायची.

पिंपरीत कारखान्यात लागलो, लग्न झालं, शालिनी आली. सात-आठ वर्षं एका खोलीत काढल्यावर आम्ही कामगारांनी मिळून सहकारी गृहनिर्माण सोसायटी काढली. तळमजल्यावरची जागा माझ्या वाट्याला आली. सहकार म्हणजे काय ते मला तिथे कळलं. नकाशावर कुणी बोललं नाही, पाण्याच्या टाकीवर कुणी बोललं नाही. पण शहाबादी घालायची की मोझॅक, यावर तीन रविवार नुसता गदारोळ. जन्मात कधी तोंड न उघडणारा मी उठलो आणि मोझॅकच्या बाजूने तावातावाने बोललो. शहाबादी गावंढळ दिसते, म्हणालो. खरं कारण सांगायची छाती नव्हती. त्या माजघरातली फरशी मला माझ्या घरात नको होती. मोझॅक ठरल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला वाटलं, मी मोठा सूड उगवला.

हे सगळं मी फुशारकीने पत्रात लिहिलं. तुझ्या अक्षरात उत्तर आलं: माय म्हणते, फरशी बसायच्या आधी मला एकदा घेऊन जा. मी ते शालिनीला वाचून दाखवलं आणि दोघंही हसलो. सिमेंटच्या गोण्या आणि धूळ यांत म्हातारीला काय दाखवायचं? झकास झालं की आणू. मधे तीन महिने गेले आणि मी आंतरदेशीय पत्रावर एक ओळ लिहून पाठवली: माय, फरशी बसली. आता ये.

अक्का, ते पत्र तूच तिला वाचून दाखवलंस. वाचताना अडखळली होतीस का? मी तुला कधी विचारलं नाही. शहराच्या भाषेत मी आनंदाची बातमी कळवली होती. आपल्या घराच्या भाषेत काय कळवलं होतं, ते लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलं नाही. इतका मी त्या शहराचा झालो होतो.

तरी ती आली. दिवसभर एसटीत बसून, पायांवर धुळीचे थर घेऊन आली. घरात सोसायटीची चार माणसं चहाला बसलेली. दारात माय दिसली आणि माझ्या तोंडून निघालं, "माय, थांब जरा तिथंच. पाय पूस. नवी फरशी आहे."

शालिनी नाही बोलली, कुणी परका नाही बोलला. मी बोललो.

माय थांबली. माझ्याकडे पाहून तशीच हसली, त्या दिवशी घरी आली होती तशी. लुगड्याच्या पदराने तिने दोन्ही पाय पुसले, टाचांच्या भेगासुद्धा. मग आत येऊन भिंतीला लागून बसली. फरशीतल्या खड्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "लई बारीक फोडलीया रं खडी. कुणी फोडली आसंल?" पाहुणे कौतुकाने हसले. दोन दिवस ती भिंतीच्या कडेकडेने चालली, खोलीच्या मधे एकदाही आली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला आता धाडून दे. बघून झालं." मी आग्रह केला, रागावलो, "हे तुझंच घर आहे," असंही म्हणालो. "व्हय की," ती म्हणाली, आणि पिशवी उचलली. पुढे ती जगली तेवढी वर्षं तुझ्याकडे राहिली, पण माझ्या दारात पुन्हा आली नाही. तिने कधी मला ते दोन शब्द ऐकवले नाहीत. ऐकवले असते तर पाय धरून मोकळा तरी झालो असतो.

परवा मुलाने मोझॅक काढायचं ठरवलं. टेबलावर लाकडाचे तुकडे मांडले, खरं लाकूड की लॅमिनेट म्हणून. "बाबा, तुम्ही सांगा." मी म्हणालो, तुम्हीच ठरवा, मला फरशीतलं कळत नाही. लॅमिनेट ठरलं. मुलगा-सून शालिनीला घेऊन चार दिवस सुनेच्या माहेरी गेली, मी इथंच राहिलो. कामगारांनी मोझॅक फोडला आणि खाली मुरूम निघाला, आपल्याकडच्यासारखाच तांबूस. ते चार दिवस मी दार लावलं नाही. घर म्हणजे काय असं मला आता कुणी विचारलं, तर मी तेवढे चार दिवस सांगेन. त्यांत माय आली असती, आणि थेट मधोमध येऊन बसली असती.

शेवटच्या दिवशी कारागीर म्हणाला, "काका, जरा बाहेर थांबा." मी पायरीवर जाऊन बसलो. संध्याकाळी सून आली, आत डोकावली आणि हसून मला म्हणाली, "बाबा, बाहेर काय बसलात? या ना, फ्लोअरिंग झालं." आपला शब्द तिला ठाऊक नाही. मीही तो सांगितला नाही. पाय पुसले आणि आत गेलो.