गजाननाची डागडुजी आणि किकु-सानचा रस्ता

किस्से जमवावे लागत नाहीत. एक जुनं यंत्र आणि त्याच्याभोवती चार शिकलेली माणसं एवढं असलं की ते आपोआप साठत जातात. आमच्याकडे दोन्हींची सोय आहे.

जपानात, सेंदाईहून बसने डोंगरात गेलं की आमच्या संशोधन संस्थेचं शेतकी केंद्र लागतं. तिथे ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं, बर्फ फेकणारं एक म्हातारं यंत्र आहे. खाली फिरणारी पाती बर्फ गोळा करतात आणि वरच्या वाकड्या नळीतून तो दूर भिरकावला जातो. त्या नळीमुळे अपर्णाताईंनी त्याचं नाव ठेवलं गजानन. अपर्णाताई मूळच्या पुण्याच्या, मातीच्या शास्त्रज्ञ, आम्हा मराठी मंडळींत सर्वांत सीनियर. आमचे प्रमुख सातो-सेन्सेई हे जपानी शिस्तीचा अर्क, त्यामुळे ते 'गाजानान-सान', म्हणजे 'गजाननजी', म्हणतात. उरलो मी आणि मंदार. मी बर्फाखाली तग धरणाऱ्या गव्हावर काम करतो. मंदार ठाण्याचा, सॉफ्टवेअरवाला, आमच्या हवामान यंत्रांचा डेटा बघायला काँट्रॅक्टवर आलेला.

केंद्राच्या वर, रस्त्याच्या अगदी शेवटी, किकु-सान एकट्या राहतात. वय नव्वदीकडे झुकलेलं. नगरपालिकेची बर्फ काढणारी गाडी मोठ्या रस्त्यापर्यंतच येते, पुढचा त्यांच्या दारापर्यंतचा रस्ता आमचा गजानन मोकळा करतो. त्यांच्या मुलाचं म्हणणं स्पष्ट आहे, "ज्या हिवाळ्यात रस्ता बंद होईल, त्या हिवाळ्यात आई माझ्याकडे शहरात, एदोगावाला येईल." एदोगावाचा तो आठव्या मजल्यावरचा फ्लॅट किकु-सान एकदा बघून आल्या आहेत. "छान आहे. पण जमीन फार लांब आहे," एवढंच त्या म्हणाल्या!

* * *

गजाननाच्या पात्यांना एक कच्चा बोल्ट असतो. बर्फात दगड आला की तो मुद्दाम तुटतो, पाती थांबतात आणि बाकी यंत्र वाचतं. एका आठवड्यात तो सारखाच तुटायला लागला. प्रत्येक वेळी बर्फात गुडघे टेकून नवा घालायचा म्हणजे बोटं बधिर.

मंदार वैतागला. "अरे, हा डिझाइनमधलाच बग आहे! इतका महत्त्वाचा बोल्ट आणि इतका मऊ?"

तो होम सेंटरमध्ये, म्हणजे हत्यारं-अवजारांच्या मोठ्या दुकानात गेला आणि तिथला सर्वांत दणकट बोल्ट घेऊन आला. "आता बघ. हा काय तुटत नाही!"

खरंच नाही तुटला. दुसऱ्या दिवशी दगड आला, मोठा कडाड आवाज झाला आणि गिअरबॉक्समधल्या दातांचा चुरा झाला.

सेन्सेईंनी सगळं उघडून पाहिलं. शेवटी तो बोल्ट हातात घेऊन उजेडात फिरवला.

"मंदार-सान," ते अतिशय मृदू आवाजात म्हणाले, "बोल्ट उत्तम आहे. एक ओरखडा नाही."

नंतर कुठून तरी सेकंडहँड गिअरबॉक्स मिळाला. तो बोल्ट मंदारच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

* * *

त्या दिवशी रस्ता दुपारपर्यंत बंद राहिला, शेवटी आम्ही फावड्यांनी मोकळा केला. म्हणजे माफी मागायला जाणं आलं. इथे ते खोक्यातली मिठाई घेऊन, टाय लावून, दारात वाकूनच करायचं असतं.

अडचण अशी, की किकु-सानना ऐकू येत नाही. बेल वाजवून उपयोग नाही. दार सरकवायचं आणि ओरडायचं. फोनवर त्या फक्त बोलतात, ऐकण्याच्या भानगडीत पडत नाहीत. सांगायचं ते सांगून ठेवून देतात.

सेन्सेईंनी दारात कमरेतून वाकून माफी मागितली. "हां?" मग जरा मोठ्याने मागितली. "हां?" तिसऱ्या वेळी सारा डोंगर दणाणला, आणि ती माफी कमी, धमकी जास्त वाटली!

"असं होय," किकु-सान म्हणाल्या. "आत या. थंडी आहे."

मग चहा, मुळ्याचं लोणचं आणि नवऱ्याच्या आठवणी. अपर्णाताईंनी डब्यातून बेसनाचे लाडू नेले होते. किकु-साननी एक खाल्ला, मग दुसरा खाल्ला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी हेच आणा."

परतताना गाडीत सेन्सेई अस्वस्थ होते. "पुढची वेळ येऊ द्यायची नाही, म्हणून तर माफी मागतात ना?"

* * *

यंत्राच्या दोन्ही बाजूंना खाली लोखंडी पट्ट्या असतात. त्यांच्यावर ते जमिनीपासून जरासं उचललेलं राहतं. त्या झिजल्या होत्या, म्हणून मी आणि मंदारने नव्या बसवल्या. शेडच्या गुळगुळीत काँक्रीटवर, लेव्हल लावून, व्हर्नियरने मोजून, यंत्र जमिनीपासून अगदी केसभर वर. दोन इंजिनियर असते तरी इतकं नेमकं झालं नसतं!

रस्ता मात्र खडीचा आहे, हे आम्ही विसरलो. गजाननाने बर्फाबरोबर अर्धा रस्ता उचलला आणि नळीतून थेट अपर्णाताईंच्या प्रयोगाच्या वाफ्यांवर उधळला.

ताईंनी वाफ्यातली मूठभर खडी उचलली. "काय रे, मातीचा प्रयोग होता माझा. आता रस्तेबांधणीचा पेपर लिहू का?"

* * *

खंडेनवमीला ताईंनी गजाननाला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. सेन्सेई वहीपेन घेऊनच आले होते.

"हे केल्याने यंत्र चालतं?"

"चालतं अशी आमची श्रद्धा आहे," ताई म्हणाल्या.

सेन्सेईंनी ते वहीत टिपलं. "मग तुलनेसाठी कंट्रोल हवा. ट्रॅक्टरला हार घालू नका."

त्या हिवाळ्यात गजाननाने एकदाही कुरकुर केली नाही. ट्रॅक्टर पहिल्याच बर्फात बंद पडला! पुढच्या वर्षी सेन्सेई स्वतः दोन हार घेऊन आले.

* * *

मग यंदा, हिवाळ्याच्या तोंडावरच, तो सेकंडहँड गिअरबॉक्स गेला. जाताना मुख्य दांडाही वाकवून गेला. मंदारने कंपनीला फोन लावला. बराच वेळ नुसतं जपानी 'हाय, हाय', म्हणजे 'हो, हो', चाललं होतं.

"काय म्हणाले? पार्ट आहे?" मी विचारलं.

"पार्ट नाही. पण हे यंत्र अजून चालत होतं यावर त्यांचा विश्वास बसत नाहीये. ऑफिसात लावायला फोटो मागितलाय."

वरचा रस्ता बंद पडला होता. किकु-सानचा मुलगा आईला न्यायला येऊन थांबला होता. आम्ही चौघं बर्फ तुडवत चालतच वर गेलो. घरात सामानाची बॅग भरून ठेवलेली होती. ती बॅग पाहून मला फार वाईट वाटलं.

सेन्सेई दारात वाकले. ओरडण्याचं बळ त्यांच्यात नव्हतं. हळूच म्हणाले, "यंत्र आता दुरुस्त होणार नाही. क्षमा असावी."

"असं होय," किकु-सान म्हणाल्या.

त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली, बूट चढवले आणि घरामागचं कोठार उघडलं. ताडपत्री बाजूला केली. आत हुबेहूब गजानन उभा होता! त्यांच्या नवऱ्याचा. ग्रीस लावलेला, रंगसुद्धा शाबूत.

"आई, हे इतकी वर्षं इथेच आहे?" मुलगा उडालाच.

"किकु-सान, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" ताईंनी ओरडून विचारलं.

"तुम्ही विचारलंच नाही."

त्याची जोडणी आमच्या ट्रॅक्टरला बसेना, म्हणून पोटातला गिअरबॉक्स आणि दांडा काढून आम्ही गजाननात बसवला. कच्चा बोल्ट मंदारने स्वतःच्या हाताने घातला. मुलगा एकटाच एदोगावाला परत गेला.

* * *

त्यानंतर गजाननाने कमाल केली. रोज उजाडायच्या आत किकु-सानच्या दारापर्यंत रस्ता लख्ख. एक खोळंबा नाही, एक बोल्ट तुटला नाही. जानेवारी गेला, अर्धा फेब्रुवारी गेला. आम्हीही आपापल्या कामात गुंतलो. सेन्सेई इतके खूश होते की मीटिंगमध्ये चक्क हसायचे.

एका सकाळी केंद्रातला फोन वाजला. सेन्सेईंनी उचलला. किकु-सानचा आवाज आम्हा सर्वांना लांबूनही स्पष्ट ऐकू आला.

"तुमच्या यंत्राचा पहाटे फार आवाज होतो. माझी झोप मोडते!"

आणि फोन बंद.

सेन्सेईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला, ताईंना विचारलं, "घरात बेसन आहे का?" आणि टाय शोधायला गेले.