सेफ्टी बोटीचं इंजिन

डहाणूजवळच्या आगरचे मच्छीमार काशिनाथकाका, त्यांनी त्या दिवशी स्वतःचं जाळं कापलं, म्हणून मी हे लिहायला उरलो. त्यांचं नाव आधी, बाकीचं नंतर.

२०१७ साली लष्कराला पूरमदतीच्या बोटींसाठी नवीन इंजिनं घ्यायची होती. कंपनी नमुना देते, जवान तो पूर्ण भारानं चालवून बघतात, मग बोर्ड ठरवतं. आमच्या तुकडीची ट्रायल डहाणूच्या खाडीत लागली. काही झालंच तर मदतीला म्हणून धक्क्यावर एक सेफ्टी बोट ठेवली होती. भार कमी पडला म्हणून मला बसवलं. मी आठवी पास, ट्रेड्समन, लंगरचा स्वयंपाकी. गाव बालाघाटच्या डोंगरात. पोहता येत नाही.

बोटीचे प्रमुख हवालदार गोरे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो.

"काय रे केदार, फोडणी देताना भीत नाहीस, इथं काय झालं?"

"उस्ताद, खिचडीत कोणी बुडत नाही."

बोटीत सोबत बसलेला कंपनीचा इंजिनिअरही हसला.

खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं. ओहोटी लागली होती. इंजिनची दोरी ओढून ओढून उस्ताद थकले. नांगर टाकला, तो धरेना. वल्ही मारली, तरी किनारा लांबच जात राहिला. ट्रायलभर इंजिन कुणी उघडू नये म्हणून लावलेल्या सीलला उस्तादांनी हात घातला.

"सील तोडू नका साहेब, ट्रायल बाद होईल," इंजिनिअर म्हणाला.

"ट्रायल झाली, बाबा. आता आपण बाद व्हायचो."

सील तोडलं. आत खारं पाणी. उस्तादांनी वायरलेस उचलला.

"हॅलो कंट्रोल, बोट वन. इंजिन फेल. सेफ्टी बोट पाठवा. ओव्हर."

"बोट वन, सेफ्टी बोट स्टार्ट होत नाही. ओव्हर."

उस्तादांनी इंजिनिअरकडे बघितलं. "तिचं इंजिन कुणाचं?"

"आमचंच, साहेब. दोन्ही एकाच खेपेत आणली."

उस्तादांनी परत वल्हं उचललं. पुढे नुसता समुद्र होता.

काशिनाथकाका जवळच जाळं ओढत होते. ते वर घ्यायला वेळ गेला असता. त्यांनी सुरीनं कापून सोडून दिलं आणि होडी आमच्याकडे वळवली.

"दोर घे रे! हात आत ठेव, हात!"

दोर आला. मी घाबरून बोटीची कड घट्ट धरली होती, ती सुटेना. लाटेनं होडी आमच्या अंगावर आली. उस्तादांनी मला मागे ढकललं. माझ्या जागी ते होडी आणि बोटीच्या मध्ये सापडले.

काकांनी आम्हाला ओढत धक्क्याला लावलं. उस्ताद डहाणूच्या दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

बोर्डानं ते इंजिन नाकारलं. त्यानंतर आमच्याकडच्या ट्रायलच्या हुकमात एक ओळ आली: ज्या कंपनीची ट्रायल, तिचं इंजिन सेफ्टी बोटीला लावायचं नाही. ओळीखाली सही मोठ्या साहेबांची आहे. ती कुणामुळे आली ते तिथं लिहिलेलं नाही. हवालदार गोरे यांच्यामुळे आली.

२०१९ ला मी निवृत्त झालो. इकडेच अच्छाडजवळ एका कारखान्याच्या गेटवर नोकरी धरली, घर लांबच राहिलं. सुट्टीला आगरला जातो. होडीत मात्र बसवत नाही. काका दुसऱ्याचं जुनं, गाठी मारलेलं जाळं टाकतात. मी विषय काढला की म्हणतात, "सोड रे फौजी, चहा घे."

चहा घेतो. पण काका, तुमचं जाळं मी आणून देणार. होतं तेवढंच लांब.