निळा पडदा आणि नवा दात

बाळांनो, लॅपटॉपवर आजोबांना तुमचे चेहरे दिसत नाहीत, हे मला बरेच महिने कळलंच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत मधोमध डाग पडलेत, हे ठाऊक होतं. त्यांनी वर्तमानपत्र वाचणं सोडलं तेव्हापासून मीच त्यांना वाचून दाखवते. पण रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल आला की ते माझ्याशेजारी बसून हसत, मान डोलवत, "दिसतंय, दिसतंय" म्हणत. मलाही ते खरंच वाटे.

मग एका रविवारी धाकट्यानं मोठा आ करून पुढचा पडलेला दात दाखवला, आणि आजोबा म्हणाले, "वा, छान काढलंयस चित्र!"

तुम्ही दोघं खो खो हसलात. मुद्दाम गंमत केल्यासारखे आजोबाही हसले. पण त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळलेला मला दिसत होता.

कॉल संपल्यावर मी विचारलं, "अहो, कधीपासून दिसत नाहीये?"

"आवाज येतो की," ते म्हणाले. "पोरांना सांगू नकोस."

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, पण मोठं असेल ते जवळ बसून दिसेल. घरात मोठं म्हणजे हॉलमधला टीव्ही. त्यावर तुमचे चेहरे परातीएवढे दिसतील, हा हिशेब मी केला, वायर आणली आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला. टीव्ही म्हणाला, सिग्नल नाही.

हा लॅपटॉप तुमच्यातल्या थोरलीचा. परदेशी जाताना तिनं त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालून तो मला दिला होता. मी तिला फोन लावला. तिनं समजावलं, की यात चित्र काढणारे दोन भाग आहेत. टीव्हीची वायर दुसऱ्या भागाला जाते आणि तो चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तिनं कधी टाकलाच नव्हता, कारण तिला त्याची गरज पडली नव्हती. मधे तिची परीक्षा आली, आणि मी वाट पाहिली. मग एका संध्याकाळी तिनं फोनवर सांगितलं तसं मी एकेक करत गेले. ड्रायव्हर निवडला. त्यानं एक पासवर्ड ठरवायला सांगितला, तो ठरवला. शेवटी तिनं लॅपटॉप बंद करून चालू करायला सांगितलं आणि ती कॉलेजला पळाली.

चालू करताच समोर एक निळा पडदा आला. त्यावर इंग्रजीत चार-पाच ओळी. जन्मभर मी शाळेत मुलींना सांगत आले, आधी अख्खी प्रश्नपत्रिका वाचा, मग पेन उचला. मी चष्मा पुसला आणि आजोबांनाही कळावं म्हणून मोठ्यानं वाचायला लागले. वाचून होण्याआधीच पडदा निघून गेला. टीव्हीवर पुन्हा, सिग्नल नाही.

आजोबा म्हणाले, "राहू दे गं. आवाज येतो." ते ज्या समजूतदारपणानं म्हणाले, त्यानंच मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची, जी रोज माझ्याकडे मालिका बघायला येते, ती शिरोळच्या माहेरची वांगी घेऊन आली. टीव्हीला लटकणारी वायर बघून म्हणाली, "काकू, ह्याला सलाईन लावलंय व्हय?"

मी सगळं सांगितलं. निळा पडदा आला, आणि मी वाचेपर्यंत गेला.

"मग वाचत कशाला बसलासा? दाबायचं की कायतरी! आमच्याकडं येष्टी आली की आधी चढायचं, पाटी मागनं वाचायची."

"आणि चुकीची निघाली तर?"

"तर उतरायचं. न्हाय आवडलं तर काय गाडी गिळतीय?"

आजोबा किती दिवसांनी खळखळून हसले.

फोनवर थोरलीचंही तेच म्हणणं पडलं. "आजी, नव्या ड्रायव्हरला परवानगी द्यायची का, एवढंच तो पडदा विचारतो, आणि थोडाच वेळ थांबतो गं. आधी बाणाची कळ दाब, मग हवं तेवढं वाच. तो पेपर नाहीये!" तो पडदा परत यावा म्हणून तिनं एक ओळ पाठवली, ती मी अक्षर न् अक्षर जुळवून टाइप केली. ती ओळ तिचीही नव्हती. जगात कुठेतरी कुणाचा तरी पडदा असाच निघून गेला होता, आणि उपाय सापडल्यावर त्या माणसानं तो बाकीच्यांसाठी लिहून ठेवला होता. तो ड्रायव्हर लिनक्सवर नीट चालावा म्हणून खपलेली माणसंही मला माहीत नाहीत. देवापुढे हात जोडते तेव्हा हल्ली त्यांचीही आठवण काढते.

लॅपटॉप पुन्हा चालू केला. निळा पडदा आला.

"चढा, काकू!" शेजारीण ओरडली.

मी कळ दाबली. पडदा थांबला. मग सावकाश वाचलं, होय म्हटलं, पासवर्ड दिला. तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नव्हतं. बोटांवर विश्वास ठेवला. लॅपटॉप बंद होऊन परत सुरू झाला, आणि टीव्ही उजळला.

पुढच्या रविवारी आजोबांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढून घेतली. तुम्ही आलात. डोळ्यांच्या कडेनं बघावं लागतं म्हणून ते मान तिरकी करून आधी एका चेहऱ्याकडे, मग दुसऱ्याकडे बघत राहिले. तुम्हाला वाटलं असेल, आवाज अडकला.

मग म्हणाले, "अरे, दात आला की तुला!"

"अर्धाच आलाय, आजोबा."

"हो," ते म्हणाले. "अर्धाच आहे. दिसतोय मला."