केबलकाकांचं मोकळं टोक

गल्लीत सगळे त्यांना केबलकाका म्हणत. इंटरनेट कंपनीत तारा ओढता ओढता त्यांचे केस पिकले होते आणि जीभ मात्र तरुण राहिली होती. कोणाकडे चहाला गेले तरी नजर आधी कोपऱ्यातल्या राउटरकडे जायची, मग यजमानांकडे. पुढ्यातला चहा थंड होईपर्यंत घरच्यांना शहाणं केल्याशिवाय ते उठायचे नाहीत. हे सगळं आता काका स्वतःच सांगतात आणि सांगताना स्वतःची जराही गय करत नाहीत.

त्यांची बायको परिचारिका. मुख्य परिचारिका होण्याची परीक्षा ती दोनदा नापास झाली होती आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. परीक्षा ऑनलाइन होती. रुग्णालयातल्या संगणकावरून देते, असं ती म्हणाली, ते काकांच्या जिव्हारी लागलं. केबलकाकांची बायको परीक्षेसाठी परक्याच्या तारेवर अवलंबून राहणार? त्यांनी हट्टाने घरातच लॅपटॉपसाठी खास तार ओढली, टेबलावर नवाकोरा स्विच, म्हणजे एका तारेचं इंटरनेट अनेक तारांना वाटणारी डबी, बसवला आणि सकाळी सगळं तपासूनही घेतलं. झकास चाललं होतं. तिथेच थांबले असते तर ते केबलकाका कसले.

बायको परीक्षेला बसायच्या बेतात होती, तेव्हा काकांना दिसलं की स्विचमधून निघालेल्या एका जादा तारेचं दुसरं टोक टेबलाखाली लोंबतंय. लोंबणारं टोक दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. स्विचवर एक जागा रिकामी होती, तिथे त्यांनी ते खोचून दिलं. सगळे दिवे एकदम धडाधड लुकलुकू लागले. बघ कसा कामाला लागलाय, असं ते कौतुकाने म्हणालेसुद्धा. तेवढ्यात परीक्षेचं पान गेलं ते गेलंच.

काकांनी आधी कंपनीच्या नावाने बोटं मोडली, मग त्याच कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. राउटर बंद करून पुन्हा चालू केला का, असं पलीकडच्या मुलीने विचारलं. हा प्रश्न कंपनीच्या प्रशिक्षणात तिला काकांनीच शिकवला होता. त्यांनी निमूटपणे तेही केलं, गच्चीवर जाऊन तार हलवून आले. खाली येतात तो खुर्ची रिकामी. बायको लॅपटॉप उचलून शेजारच्या वहिनींकडे गेली होती. वहिनींच्या स्वस्तातल्या कनेक्शनची काका येताजाता टिंगल करत.

रिकाम्या घरात डोकं जरा थंड झालं, तेव्हा ती तार त्यांच्या नजरेला पडली. दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी ते बजावत ती ही चूक. त्यांनी टोक उपसलं, दिवे शांत झाले. काकांचं तोंड उतरलं.

बायको परत आली तेव्हा कंपनीवर ढकलायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचा दमलेला चेहरा पाहून त्यांना ते जमलं नाही. चूक माझीच, असं त्यांनी कबूल केलं. मग मात्र गाडी घसरली. स्विच निरोप कसा सगळीकडे धाडतो, दोन्ही टोकं त्यातच असली की तोच निरोप फिरून पुन्हा आत कसा येतो, स्विच तो नवा समजून पुन्हा कसा धाडतो, आणि त्या गर्दीत दुसऱ्या कोणाचाही निरोप कसा पुढे सरकत नाही, हे त्यांनी हातवारे करत सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पेपर कसा गेला, ते अजून विचारलं नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

काकांचे हातवारे थांबले. त्यांना मनापासून लाज वाटली. ते तिच्या शेजारी बसले.

"कसा गेला?"

"सुरू करायलाच उशीर झाला. शेवटचे प्रश्न राहिले."

पुढचे काही आठवडे काका घरात पाय न वाजवता वावरले. निकाल लागला आणि ती पास झाली, अगदी काठावर. अभिनंदनाला आलेल्या वहिनी म्हणाल्या, घरात एवढा जाणकार माणूस असल्यावर काय चिंता.

"नाही हो वहिनी," काका म्हणाले, "मी घरात असूनही पास झाली ती."