गुरुजी नावाचं खातं

छडीचा टेबलावरचा ठेका आणि त्यावर कविता म्हणणारा आमचा दुसरीचा वर्ग. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीचा पाथर्डीच्या शाळेतला तो आवाज अजून कानात आहे. ठेका धरणाऱ्या गुरुजींचं नाव मात्र आम्ही कधी विचारलं नाही.

मित्रांनो, हल्ली मी फोनवरून परदेशातल्या मराठी मुलांना कविता शिकवतो. नातीने नुकतीच माझ्या नावाने व्यवसायाची नोंदणीही केली. कॅनडातून पहिली फी निघाली होती. तिच्यातून कानाचं यंत्र घ्यायचं होतं, कारण पोरांच्या ओळी अर्ध्याच ऐकू येतात.

आज बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, "आजोबा, पैसे परत गेले. त्यांनी नाव 'गुरुजी' लिहिलंय. गुरुजी नावाचं खातंच नाही आपल्याकडं."

"अहो, ते मीच."

"व्हय, पण तसा कागद पाहिजे ना."

घरी येऊन फी पाठवणाऱ्या विद्यार्थ्याच्या आईला कॅनडात फोन लावला. ती म्हणाली, "पण गुरुजींना नावानं कसं लिहायचं?"

तुम्हाला उत्तर सुचतंय का?

थांबा, दारात कुणीतरी आलंय. बँकेतल्याच मॅडम आहेत, सुनेला विचारतायत, "गुरुजी हायेत का घरात?"