उंची मोजायला आलेले पाहुणे

दहावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात आमच्या घरी मला पाहायला पाहुणे आले. निदान आमच्या घरच्यांची तरी तशीच समजूत झाली होती.

आमचं घर तीर्थपुरीच्या बाहेर, शेताला लागून. माझ्या आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागे फिरणारे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कपाशी आणि मोसंबी लावली, तरी थोडी मेंढरं ठेवलीच. मी घरात सगळ्यांत उंच, आप्पांपेक्षाही. शाळेत पोरं मला 'खांबा' म्हणायची. माय सारखी बजावायची, "जरा वाकून चालत जा, बाई. लोक बघतेत." मग मी वाकून चालायचे. वर्गाच्या फोटोत तर गुडघे दुमडून उभी होते, म्हणून त्यात मी काहीतरी दुखत असल्यासारखी दिसते.

माझ्या उंचीची खरी काळजी काकाला. तो आप्पांचा थोरला भाऊ, घरातलं बोलणं सगळं त्याच्याकडे. आतापासून जुळवून ठेवलं न्हाई तर पुढं या पोरीला पोरगा भेटणार न्हाई, असं तो उघड बोलायचा. त्यामुळे जालन्याहून एका माणसाचा फोन आला आणि "तुमच्या पुतणीला एकदा पाहायचं आहे, उद्या येऊ का?" असं त्यानं विचारलं, तेव्हा काकानं पुढचं काही ऐकलंच नाही. "या, या, बिलकुल या," म्हणून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी मला मायची साडी नेसवली. ती घोट्याच्या वरच राहिली. माय खाली बसून ती ओढत राहिली आणि शेवटी म्हणाली, "चहा दिला की बसून घे. मंग उठूच नको."

पाहुणे दोघंच आले, मोटारसायकलवर. एक पन्नाशीचे गृहस्थ, डोक्यावर टोपी, आणि त्यांच्याबरोबर एक बाई. त्या बाईंच्या पायांत बूट होते आणि केस मानेपर्यंत कापलेले. मायनं दारातूनच ते केस पाहिले आणि पोह्यांवर कोथिंबीर घालायची विसरली. मी ट्रे घेऊन गेले, तेव्हा ते गृहस्थ माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "साडीत ओळखू नाही आलीस. मला ओळखलंस का?"

काकानं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मी ट्रे खाली ठेवला.

मला मग आठवलं. घनसावंगीला तालुक्याचे सामने होते. मी खो-खोत होते आणि नेहमीसारखी सगळ्यांत आधी बाद होऊन कडेला उभी होते. शेजारच्या मैदानावरचा व्हॉलीबॉल उडून आमच्याकडे आला. तो कुणाच्या तरी डोक्यात बसणार म्हणून मी हात वर करून एका हातानं धरला आणि परत फेकला. एवढंच. तेव्हा एका टोपीवाल्या सरांनी माझं नाव, गाव आणि घरचा नंबर विचारला होता. मी ते घरी सांगितलंही नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

"उभी राहा बरं सरळ," सर म्हणाले.

मी उभी राहिले. बाईंनी पिशवीतून टेप काढली. गवंड्याकडे असते तसली, पिवळी. मला भिंतीला टेकवलं, माझ्या डोक्यावर पुस्तक धरलं, आणि आमच्या नव्या रंगवलेल्या भिंतीवर खडूनं रेघ मारली.

"आता हात वर कर. अजून वर. टाचा नको उचलू."

दुसरी रेघ मारली. सरांनी ती बघितली आणि बाईंना म्हणाले, "बघा मॅडम! मी म्हणत नव्हतो?" त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी दाराकडे पाहिलं, कुणी दुसरं आलंय का म्हणून. माझी उंची बघून कुणाला आनंद होतो, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

काकाला राहवेना. "मोजून झालं असंल तर मंग विचारतो. मुलगा किती उंच हाय?"

"कोणता मुलगा?" सर म्हणाले.

बाहेर एक मेंढरू ओरडलं. मग बाई हसू दाबत म्हणाल्या, "आम्ही ज्युनिअर कॉलेजमधून आलोय. मुलींच्या बास्केटबॉलच्या संघासाठी. हिला अकरावीला आमच्याकडे पाठवा."

काकाचा चेहरा लाल. "आम्ही पोहे केले न् तुम्ही खेळाचं बोलून राह्यले?"

सर बिचारे समजावत राहिले. उंचावर लोखंडी कडं असतं, त्याला जाळी असते, त्यात चेंडू टाकायचा. वसतिगृह कॉलेजचंच, मॅडम तिथंच राहतात. काका एकच म्हणत होता, "पोरीची जात हाय. चड्डी घालून नाचायला धाडू का?" मला तर काहीच कळत नव्हतं. बास्केटबॉल मी टीव्हीवरसुद्धा नीट पाहिला नव्हता.

आप्पा तोवर उंबऱ्यापाशी गप्प बसलेले. काकासमोर ते कधी बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले.

"सर, त्या खेळात वाकून चालावं लागतं का?"

सर गोंधळले. "नाही हो. जेवढी ताठ राहील तेवढं चांगलं."

"मंग न्या," आप्पा म्हणाले आणि उठून मेंढरांकडे गेले.

काका त्यांच्या पाठीकडे बघतच राहिला. मीही. आप्पांनी भावाला डावलून काही ठरवलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

जालन्यात पहिल्या दिवशी मी चेंडू फेकला तो जाळीमागच्या फळ्यावरून पलीकडे सायकलींवर जाऊन पडला. चार सायकली आडव्या. बाकीच्या मुली पाचवीपासून खेळणाऱ्या, चेंडू त्यांच्या हाताला चिकटून असल्यासारखा. मला बूट मिळेनात. जुन्या जालन्यातल्या दुकानदारानं बायकांचे सगळे जोड काढून पाहिले आणि शेवटी न बोलता पुरुषांच्या मापाचा डबा पुढं सरकवला. पहिले काही आठवडे मी रोज ठरवायचे, शनिवारी घरी जायचं आणि परत यायचं नाही. शनिवारी आप्पा विचारायचे, "झालं का जमायला?" आणि मला नाही म्हणता यायचं नाही.

मग पहिला खरा सामना आला, जालन्यातच. आप्पा आले, आणि काय आश्चर्य, काकाही आला, धुतलेली टोपी घालून. पूर्वार्ध बरा गेला. मी चेंडू अडवले, एकदा जाळीतही टाकला. मध्यंतरानंतर चेंडू उडून माझ्या हातात आला, समोर मोकळी जाळी. मी धावले, उडी मारली, टाकला. बराबर आत! दोन्ही हात वर करून मी ओरडले.

आमच्याच मुली माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होत्या. मध्यंतरानंतर जाळ्या बदलतात. सरांनी दहादा सांगितलं होतं. मी आमच्याच जाळीत चेंडू टाकला होता.

अख्ख्या मैदानात एकच माणूस टाळ्या वाजवत होता. आप्पा. शेजारच्यानं त्यांना काहीतरी सांगितलं, तर ते मोठ्यानं म्हणाले, "असंना का, गेला ना आत?"

आधी आमची कप्तान हसली, मग समोरच्या संघातल्या मुली, मग पंचसुद्धा शिट्टी तोंडात धरून हसले. सरांनी कपाळाला हात लावला, पण मला बाहेर काढलं नाही. सामना आम्ही हरलो, चांगलेच हरलो. त्यातला शेवटचा चेंडू मात्र मी टाकला होता, आणि योग्य जाळीत.

पुढं दोन वर्षं खेळले. विभागापर्यंत गेले, राज्याच्या निवडीत नाव आलं नाही. त्या दिवशी मी बसमध्ये खूप रडले. पण तोवर खेळ अंगात भिनला होता. बारावीनंतर खेळाच्याच शिक्षणाला गेले आणि आता एका शाळेत शिकवते.

काका अजून घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या पहिल्या सामन्याचं सांगतो. त्याच्या सांगण्यात मी कोणत्या जाळीत चेंडू टाकला, हे कधीच येत नाही. मी एकदा त्याला म्हटलं, "काका, पूर्ण सांगत जा की." तर म्हणाला, "चूप बस. तू तिथं खेळत होतीस. मी बघून राह्यलो होतो."