कोपऱ्यातला नळ

ओसाकातल्या एका औषध कंपनीत मिनागावा ओरिए संशोधक म्हणून लागली, तेव्हा रसायनांच्या विभागात ती एकटीच बाई. विभागप्रमुख सेगावांनी तिला कमरेत वाकून नमस्कार केला आणि तितक्याच अदबीने आवाराच्या टोकाला, कुंपणालगतच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन बसवलं. रक्तदाबावरच्या नव्या औषधासाठी तिथे गंधकाची संयुगं बनवायची होती. सडलेला कांदा आणि नासलेली अंडी एकत्र नांदावीत, तसा तिथला वास. पुरुष तिथे महिनाभरही टिकत नसत. "बायकांचा हात हळुवार असतो," सेगावा म्हणाले. नाकाबद्दल ते काही बोलले नाहीत.

वास केसांत शिरला, नखांत शिरला. गल्लीतल्या न्हाणीघराची मालकीण किनुकाकी तोंडाची फटकळ. तिने पहिल्याच आठवड्यात ओरिएला दारात अडवलं.

"अगं ए, काय मेलेलं घेऊन आलीस? गिऱ्हाईकं पळतील माझी! त्या कोपऱ्यातल्या नळावर बस, आणि हौदात पाय घालशील तर बघ."

गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसायचं नाही, तर न्हाणीघरात जायचं तरी कशाला? पण घरी मोरी नव्हती. ओरिए कोपऱ्यात बसून अंग घासायची आणि तशीच घरी जायची. एकदा लग्नासाठी स्थळ आलं. मुलाच्या आईने चहाचा पेला हातात घेतला, गोड हसली आणि म्हणाली, "खिडकी उघडू या का?" संपलं लग्न.

दर वसंतात बदल्या जाहीर होत. दर वसंतात सेगावा म्हणत, "यंदाचं एवढं वर्ष, मिनागावासान." हो म्हणणाऱ्याच्याच पाठीवर गोणी येते, हे ओरिएला उशिरा कळलं. मग तिने स्वतःच वाट काढायची ठरवली. रेणूतला गंधक काढायचा, तिथे ऑक्सिजन बसवायचा. तसं औषध चाललं तर खोलीला टाळं! तिने वर्षानुवर्षं एकामागून एक संयुगं केली. चाचणीचे उंदीर ढिम्म. सुटकेच्या आशेने सकाळी यायची आणि संध्याकाळी तेच कुंपण बघत घरी जायची.

आणि एकदा गंधक नसलेल्या एका संयुगाने उंदरांचा रक्तदाब खरंच उतरला. सेगावा खूश. "हेच पुढे नेऊ. तुमची खोली पाडून टाकू!"

त्याच आठवड्यात उंदरांच्या विभागातला हिराता खोलीशी आला. नाकावर रुमाल धरून म्हणाला, "तुझं शेवटचं गंधकाचं संयुग होतं ना, ते या नव्याहून कितीतरी सरस निघालंय. अजून वर सांगितलं नाही. म्हटलं, तुझी खोली सुटतेय, आधी तुला विचारावं."

"उद्या सांगते," ओरिए म्हणाली.

संध्याकाळी न्हाणीघरात किनुकाकी पैसे घ्यायच्या आपल्या उंच बैठकीवर चढत होती. पायऱ्या तीनच. मधल्या पायरीवर ती छाती धरून थांबली. डॉक्टरांची रक्तदाबाची औषधं तिला लागू पडत नव्हती, हे गल्लीला ठाऊक होतं. ओरिएला तिचा राग आला. हिला आजच दम लागायचा होता?

सकाळी तिने हिराताला सांगितलं, "सांग वर." आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला आणि दिवसभर ती रडली. खोली पाडली नाही. उलट शेजारी दुसरी बांधली, कारण आता ते औषध किलोंनी लागणार होतं, आणि ते ओरिएइतकं चांगलं कुणाला जमत नव्हतं.

औषध दुकानांत आलं, तेव्हा तिचे केस पिकायला लागले होते. एके दिवशी किनुकाकीने तिला बैठकीवरून हाक मारली. आता ती पायऱ्या न थांबता चढत होती. तिच्या हातात गोळ्यांची बाटली होती.

"शी! झाकण उघडलं की घाण भपकारा येतो बघ. तुझ्यासारखाच."

ओरिएने बाटली नाकाशी धरली. तिला कसलाच वास आला नाही. तिचं नाक कधीच मेलं होतं.

"मीच केलंय ते," ती म्हणाली.

काकीने बाटली परत घेऊन झाकण लावलं. मग खेकसली, "बघतेस काय! जा, हौदात उतर."

ओरिए उतरली. पाणी गळ्यापर्यंत आलं. दोन बायका नाक मुरडून उठून गेल्या. ती बसून राहिली.